आयरीसबाईचं हसू

टाळ खाली ठेवा मंडळी. मृदंगवाले, तुम्हीही जरा दम घ्या. आज आधी एक प्रश्न! ज्याच्यावर आपला जीव आहे, ते कायम आपल्याजवळ ठेवून घेणं — ही माया की हाव? लगेच माना डोलवू नका! मान काय, नंदीबैलही डोलवतो. आधी ऐका.

आख्यान कुणाचं? ध्रुवाचं नाही, प्रल्हादाचं नाही. आज आख्यान सिनेमातल्या एका बाईचं आणि तिच्या भक्ताचं! हं — त्या खांबाजवळच्या आजोबांनी लगेच आठ्या घातल्या. "बुवा, देवळात सिनेमाची बाई?" अहो आजोबा, मघापासून तुमचं सगळं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांकडे आहे. चपला चालतात, मग बाईनं काय पाप केलंय?

तर — देवळाली कॅम्प. गोरे सोल्जर नुकतेच गेलेले, पण इंग्रजी पिक्चर अजून लागायचे. तिथल्या थिएटरात मशीन चालवायचा काशिनाथ दुसाने. इंग्रजी किती येतं? 'यस' आणि 'नो', संपलं! पण अमेरिकेची एक नटी होती, आयरीस कॅलहून. तिच्यावर याची भक्ती. वाकडं मनात आणू नका, भक्तीच म्हणतोय मी! तिचा पिक्चर लागला की मशीनला एकाच्या जागी दोन उदबत्त्या.

तिचा एक पिक्चर कॅम्पात वरचेवर लागायचा. त्यात बाईचा एकुलता एक पोरगा लढाईवर गेलेला. लढाई संपते. शेवटी बाई स्टेशनावर उभी. गाडी येते, सगळ्यांची पोरं उतरतात — हिचं नाही! बाई मान खाली घालते. शेजारी दुसऱ्या एका आईच्या गळ्यात तिचं पोर पडतं. बाई मान वर करते. त्या परक्या पोराकडे बघते. आणि... हसते! माउली, स्वतःचं गेलं, आणि दुसऱ्याचं आलं म्हणून हसते! काशिनाथ दरवेळी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचा.

आता फिल्म म्हणजे काय? बारीक बारीक चित्रांची लांब पट्टी. सेकंदाला चोवीस चित्रं पळतात, तेव्हा पडद्यावरचं माणूस हलतं. काशिनाथला वाटलं, एवढ्यातलं एक चित्र घेतलं तर कुणाला कळणार? कात्री घेतली, हसण्यातलं एक चित्र कापलं, दोन टोकांना जोड मारला. जोड मारताना शेजारचं आणखी एक वाया जायचं, तेही गेलं. आणि कापलेलं कुठं? बिस्किटाच्या पत्र्याच्या डबीत. डबी कुठं? देवघरात! रामपंचायतनाच्या मागं!

हसताय? हसा. पण पुढचं ऐका.

काशिनाथलाही एकच मुलगा, वसंता. सहा वर्षांचा. घटसर्पानं तीन दिवसांत गेला. त्याची आई सरूबाई — तिनं त्या दिवसापासून तोंड मिटलं. रडली नाही, बोलली नाही. शेजारची चिमी वसंताच्या बरोबरीची. ती दारात आली की सरूबाई धाडकन दार लावायची. पोरगी बाहेर तशीच उभी! बायाबापड्यांनो, वाईट नव्हती हो सरूबाई. दुसऱ्याचं लेकरू बघवत नव्हतं तिला.

आणि काशिनाथ? तो डबीकडे वळला. आता दर खेळाला एक तुकडा, मान वर करण्यापासून हसण्यापर्यंतचा कुठला ना कुठला! पडद्याकडे बघायचंही सोडलं त्यानं. कशाला बघायचं? डबीत आहे की!

दोन वर्षं गेली. तो पिक्चर पुन्हा लागला. काशिनाथच्या मनात आलं, सरूला हे दाखवावं. पोर गेलेली आई शेवटी हसते, हे हिनं एकदा बघावं. बघून हिच्यात काही हललं तर हललं! विनवून विनवून सकाळच्या खेळाला आणली तिला. वरच्या झरोक्यातून दोन वर्षांनी स्वतःही पडद्याकडे बघत राहिला.

स्टेशन आलं. गाडी आली. पोरं उतरली. आयरीसबाईनं मान खाली घातली, शेजारचं पोर आईच्या गळ्यात पडलं — आणि झटका बसला, इंग्रजी अक्षरं आली, खेळ खलास!

हसू नाही! कुठं गेलं? देवघरात गेलं! यानंच नेलं, एकेक करून!

धावत खाली आला. सरूबाई शांतपणे म्हणाली, "माझंच बरोबर आहे मग. तिचंही तसंच झालं. मान खाली घातली, संपलं."

मंडळी, दोन वर्षांनी बायको एवढं बोलली, आणि बोलली ती हे! काळजाचं पाणी झालं त्याच्या. पळत घरी गेला, डबी आणली, एकेक तुकडा उजेडात धरून दाखवू लागला. "हे बघ सरू, हसतेय! हे बघ!"

"कुठं हसतेय? ओठ उघडे आहेत नुसते."

आणि खरंच होतं ते! कुठल्याच तुकड्यात हसू नव्हतं. हसू असतं ते फुलताना, मंडळी! कापून ठेवलं की उरतात ते ओठ.

मालक होते होरमसजी शेठ. काशिनाथनं त्यांचे पाय धरले, सगळं कबूल केलं. शेठ म्हणाले, "दुसाने, उद्यापासून तू येऊ नको. आज बायकोसाठी मशीन चालव."

दुपार झाली. थिएटर रिकामं, खुर्चीत एकटी सरूबाई. काशिनाथनं सगळे तुकडे जोडले होते. मशीन सुरू. बाईनं मान वर केली, डोळे हलले, ओठ हलले... आणि जोड अडकला! फिल्म थांबली, दिव्याची धग लागली, पडद्यावर बाईच्या तोंडाला काळं भोक पडलं, पसरलं. गेलं! सगळं जळून गेलं!

आता काय करील बिचारा? जिना उतरला. पडद्यासमोर जाऊन उभा राहिला.

"सरू, ती मान वर करते बघ. अशी. दुसऱ्याच्या पोराकडे बघते. आणि अशी... अशी हसते..."

आणि तो हसायला गेला! वसंता गेल्यावर पहिल्यांदा. ओठ हसायचे, डोळे गळायचे. नाक वाहतंय, हनुवटी थरथरतेय, तरी माणूस हसून दाखवतोय!

सरूबाई बघत राहिली. "अहो," ती म्हणाली, "असं कुणी हसतं का?" — आणि तिला हसू फुटलं! हसता हसता हंबरडा फुटला. दोन वर्षांचं साठलेलं रडली माउली, नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून.

घरी आले. चिमी दारात उभी होतीच. सरूबाईनं दार लावलं नाही. खाली बसली, पोरीचं नाक पदरानं पुसलं, म्हणाली, "आत ये. भूक लागलीय?"

नोकरी गेली काशिनाथची. पुढं गिरणीत राबला. त्याबद्दल तक्रार करताना त्याला कुणी ऐकलं नाही.

आता तुमच्याकडे वळतो. त्या काशिनाथला काय हसायचं? लेकीवर फार माया, म्हणून तिला पुढं शिकू दिलं नाही — असे किती बसलेत इथं? सुनेवर फार जीव, म्हणून तिला माहेरी पाठवत नाही! म्हाताऱ्या आईची फार काळजी, म्हणून तिला ओसरीवरही येऊ देत नाही! आज थोडं, उद्या थोडं. कुणाला कळतंय?

आज शेवटचा गजर मोठ्यानं नको. मुकाट्यानं घरी जा. आपलं म्हणता त्या माणसासमोर बसा आणि आठवा, ते मोकळं असं शेवटचं कधी हसलं होतं. आठवलं नाही, तर मला सांगायला येऊ नका. त्याचीच माफी मागा.