बर्फ की काकडी?

तुम्ही हसाल, पण मी आणि माझी आई मॅट्रिकला एकाच वर्षी बसलो होतो. एकोणीसशे साठच्या आधीची गोष्ट. पनवेलजवळच्या नेरे गावच्या शाळेत मॅट्रिक झालेली शिक्षिका हवी होती, म्हणून आईनं लग्नानंतर सतरा वर्षांनी माझ्याच वह्या घेऊन अभ्यास केला.

इंग्रजीच्या पेपरात एक उपमा पूर्ण करायची होती. 'अ‍ॅज कूल अ‍ॅज', म्हणजे कशासारखं थंड? पर्याय होते बर्फ, पाणी आणि काकडी. पेपर सुटल्यावर पनवेलच्या एसटी स्टँडवर मी विचारलं, "बर्फच लिहिलंस ना?"

"नाही. काकडी."

मी इतक्या जोरात हसलो, की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "आई, पेपर इंग्रजीचा होता, कोशिंबिरीचा नव्हता!"

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन थेट आमच्या इंग्रजीच्या सरांकडे गेली.

सर म्हणाले, "काकडीच बरोबर. शांत डोक्याच्या माणसाला इंग्रज काकडीसारखा थंड म्हणतात. मी वर्गात लिहून दिलं होतं." मग माझ्याकडे वळले. "तू काय लिहिलंस?"

मी मान खाली घातली. आई हळूच म्हणाली, "मला तुझ्याच वहीत सापडलं रे."

इंग्रजीत तिला माझ्यापेक्षा नऊ मार्क जास्त पडले, आणि पुढे नेऱ्याची जागाही तिलाच मिळाली. निकालाच्या दिवशी पेढे वाटताना शेजाऱ्यांनी विचारलं, "काय रे, पास झालास वाटतं?"

मी छाती फुगवून सांगितलं, "आई पास झाली. मीही झालो."