भैरवीआधी उठणारा माणूस

मंडळी, सावरून बसा. पाय दुमडा, नाहीतर शेजारच्याच्या मांडीवर टाका, तुमचा तुम्ही हिशेब बघा. देवीपुढे आज एकच प्रश्न ठेवतो. जवळचा माणूस असताना त्याला जे द्यायचं राहिलं, ते तो गेल्यावर त्याला पोचतं का? पिंडाला कावळा शिवला म्हणजे पोचलं — असं भटजी सांगतात. मी कावळ्याचं नाही विचारत. मी तुमचं विचारतोय.

ऐका. जयसिंगपुरात नरहरपंत म्हणून एक गृहस्थ होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, माणूस सरळ, पण गाण्याचा भारी नाद! मिरजेला, सांगलीला, कुठंही मैफल असो — स्कूटरवर पुढे नरहरपंत, मागे त्यांच्या मंडळी मथुताई, मांडीवर पाण्याची बाटली आणि पिशवीत दशम्या. रेडिओवर ऐकलेलं ह्यांना चालायचं नाही. गवयाच्या समोर बसून, त्याचा श्वास ऐकत ऐकायचं, तेच गाणं.

नाद खरा, पण एक खोड होती. आता सांगतो ती खोड. मैफलीचा शेवट भैरवी रागानं होतो, ठाऊक आहे ना? भैरवी झाली की पुन्हा कुणी गात नाही. आपल्याकडे आरती झाली की बुवानं गप्प बसायचं, तसंच ते. तर गवयानं भैरवीसाठी तंबोरे जुळवायला घेतले रे घेतले, की नरहरपंत बायकोला कोपरानं ढोसायचे. "ऊठ. आत्ता गाडी काढली नाही तर गर्दीत अडकू."

मथुताई म्हणायच्या, "अहो, एवढी भैरवी होऊ द्या ना."

"भैरवी काय पळून जाते? पुढच्या वेळी ऐकू."

आणि त्या उठायच्या. त्या पिढीच्या बायका, उठायच्याच! बाहेर हे स्कूटरला किका मारतायत, आतून कर्ण्यातून भैरवीचा पहिला सूर येतोय, मथुताई पदर डोक्यावर घेऊन कान तिकडे लावतायत — तेवढ्यात स्कूटर सुरू. फटफटफट! संपली भैरवी. हसू नका हो. तुमच्यातले निम्मे असेच आहात.

वर्षं गेली. पुढची वेळ, पुढची वेळ करता करता मथुताईंनी अंथरूण धरलं. नरहरपंत कासावीस झाले. कुठून कुठून भैरवीच्या कॅसेटी आणल्या, उशाशी टेप ठेवला. म्हणाले, "मथू, लावू?"

त्या म्हणाल्या, "नको. ती समोर बसून ऐकायची असते. तुम्हीच सांगायचात ना? बरी झाले की जाऊ."

बऱ्या झाल्या नाहीत.

आता पुढं बघा. नरहरपंतांनी मैफली सोडल्या का? छे! उलट जास्त जायला लागले. घरात भिंती खायला उठायच्या, मग जाणार कुठं? पण भैरवीची वेळ झाली की उठायचेच. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला अजून कसली एवढी घाई? घाई कसली, घरी वाट बघायला होतं कोण! तिला जे ऐकू दिलं नाही ते आपण कुठल्या तोंडानं ऐकायचं, एवढंच होतं. बाहेर येऊन गाडीपाशी नुसते उभे राहायचे. किक मारायचे नाहीत. कान मात्र बंद करून घ्यायचे, दोन्ही हातांनी.

एकदा देवीच्या उत्सवात सकाळची मैफल होती. धारवाडकडच्या अंबुजाबाई गायला बसलेल्या. वय झालेलं, पण सूर असा की देवळातली कबुतरंसुद्धा गप्प! दुपार व्हायला आली, तंबोरे जुळायला लागले. नरहरपंत उठले, गाडीपाशी आले. मागोमाग एक तरणं जोडपं बाहेर आलं. तो किल्ली फिरवत पुढे, ती मागे वळून वळून बघत.

"केतकी, आटप. गर्दी सुटली की तासभर जागचं हलता यायचं नाही."

"अभय, एवढी भैरवी होऊ दे ना."

मंडळी, हे शब्द! नरहरपंतांनी आपली स्कूटर ढकलली, फाटकाच्या तोंडाशी आडवी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

पोरगा म्हणाला, "आजोबा, गाडी बाजूला घ्या."

"नाही घेत."

"बिघडलीय का?"

"गाडी ठणठणीत आहे. भैरवी झाली की काढतो. तोवर आत जाऊन बसा."

"ही काय दादागिरी आहे?"

"आहे," नरहरपंत म्हणाले. अहो, जन्मात कधी एसटीच्या कंडक्टरशी सुट्ट्यावरून भांडला नाही हा माणूस!

पण पोरगंही बिलंदर. त्यानं ह्यांचं मनगटच धरलं. "मग तुम्हीपण चला आत. आम्ही तिकडं बसायचं, तुम्ही किल्ली घेऊन पसार झालात म्हणजे? माझ्या शेजारी बसायचं." आणि ओढतच नेलं की हो! बघा देवीची करणी. अडवायला गेला आणि स्वतःच अडकला.

खांबाशी बसले. कान झाकायला हात मोकळा नाही, एक तर पोरानं धरलेला. अंबुजाबाईंनी भैरवी सुरू केली. वरच्या सुराला आवाज पोचेना, तेव्हा बाईंनी तो सूर अर्ध्यावरच ठेवला आणि डोळे मिटले. सगळ्या सभेनं तो मनात पुरा केला. नरहरपंतांनीही केला. आणि त्यांच्या तोंडून निघालं, "मथू, हे असं असतं होय ग."

पोरानं मनगट सोडलं. गाणं संपलं, लोक उठले. नरहरपंत किल्ली काढून म्हणाले, "चला, गाडी काढतो."

अभय म्हणाला, "बसा हो जरा. गर्दी सुटू दे." केतकी डोळे पुसत होती, तो तिच्याकडे बघत होता.

तुम्ही म्हणाल, झालं, म्हाताऱ्याला शांती मिळाली. कुठली शांती! घरी गेला आणि बायको गेली त्या दिवशी रडला नव्हता एवढा रडला. इतके दिवस एवढंच ठाऊक होतं, की काहीतरी दिलं नाही. काय दिलं नाही, ते आज कळलं.

मग पोचलं का? मथुताईंना नाही पोचलं, मंडळी. मी देवीसमोर खोटं बोलणार नाही. गेलेल्याला नाही पोचत. ती रुखरुख आता नरहरपंतांना जन्मभर पुरणार. केतकीला मात्र पोचलं.

ते मागं कोण उठलं? चपला शोधायला निघालात ना? काकू अजून बसल्यात, त्यांच्याकडे बघा एकदा. त्यांना आरती हवीय. बसा खाली.