पूजेतलं लायसन

भाऊ, आता तुम्हीच सांगा मी काय समजू. आमचा नितेश, एकोडीच्या मावशीचा पोरगा, पायलट आहे. दसऱ्याले घरी आला होता. मावशी दरसाल विळा-फावड्यासंगं त्याचं लायसन बी पूजेत ठेवते.

"लायसन दे बाबू."

"आई, आता कायदा बदलला. लायसन मोबाईलातच राहते."

मावशीनं मोबाईलच घेतला, पूजेत मांडला, वरून हळदीकुंकू वाहिलं. तेवढ्यात स्क्रीनवर कंपनीचा मेसेज आला. लायसन आत्ताच पाठवा, नाही तं उद्याची ड्यूटी कॅन्सल.

नितेश उचलायले गेला, तं मावशी ओरडली, "पूजेतली वस्तू उद्यापर्यंत जागची हलवत नाही!"

नितेश माह्या कानात बोलला, "चेहरा दाखवल्याबिगर उघडत नाही रे तो." अन् सरळ पालथा पडून मोबाईलवर तोंड नेलं.

मावशीच्या डोळ्यात पाणी! "पायलट झाल्यापासून पहिल्यांदा देवापुढं आडवा झाला माहा लेक." मग माह्यावर भडकली, "तू काहून उभा? पड ना!"

मी बी पडलो. देवाच्या पाया पडलो का लायसनच्या, मले अजून समजून नाही राहिलं.