संतोषच्या दुकानातला ड्रॅगन

मले सांगा, राग येईन का नाई? फासे टाकून खेळतो त्या साहसाच्या खेळाची गोष्ट मी रचतो, अन् दोस्त त्यातले योद्धे बनतात. या खेपेला ड्रॅगनपायी आठवडाभर डोकं फोडलं. फक्त पहिल्याच गुहेत जरा जास्त सोनं देऊन बसलो. आमचा संतोष, आदिलाबादात कापडाचं दुकान आहे त्याचं, म्हणे, "माहा योद्धा आता लढत नाई. दुकान टाकते."

"अबे, ड्रॅगन गाव जाळून राह्यला!"

"मंग शिपाई ठेवतो पगारावर."

माहं टाळकंच सटकलं. ओरडलो, "घे! ड्रॅगन छप्पर फोडून तुह्याच दुकानात घुसला! आता काय करतं?"

संतोषनं समोरचा नकाशा कापडासारखा हातानं सरळ केला.

"या न भाऊ, बसा. काय दाखवू?"