कोपरावरचं ठिगळ

—बस म्हटलं ना, उभ्या उभ्या काय विचारतेस! दारातच ओळखलं मी तुला. सिसली ना तू? माउसहोल्डच्या माळावर माझ्या गिल्बर्टला रांधून घालणारी? आणि त्याला कुठे पुरलं म्हणून मला विचारायला आलीस, त्याच्या बायकोला? धन्य आहे गं बाई तुझी!

अकरा वर्षं त्याच्या हातमागासाठी सूत कातलं मी. जमीनदारांनी गावाच्या कुरणाला कुंपण घातलं, त्या बंडवाल्या केटचे लोक माळावर जमले, हाही गेला—दोन दिवसांत येतो म्हणाला. सहा आठवडे! आणि लांब का आहे माळ इथून, नॉर्विचपासून? माझ्या खिडकीतून तुमच्या चुलींचा धूर दिसायचा. शेजारणी यायच्या सांगायला, तुझा नवरा त्या सिसलीच्या चुलीशी बसलेला असतो म्हणून. मी म्हणायची, असेना, पोटाला मिळतंय ना त्याला! खोटं, साफ खोटं. जळायची गं मी, नुसती जळायची.

मग राजाची फौज आली, भाडोत्री जर्मन बंदूकवाले घेऊन. तुमची माणसं चांगला उंच माळ सोडून डसिनडेलच्या खोलगटात उतरली—कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे—आणि घोडेस्वारांनी एका दिवसात कापून काढली. दुसऱ्या दिवशी शिपाई म्हणाले, बायांनो, आपापले ओळखा नि न्या. गेले मी. सापडला. चेहरा राहिलाच नव्हता, पण त्याचं वाकडं बोट मी ओळखणार नाही होय? आणि कोपरावर ठिगळ—बारीक, सुबक टाके. कोट माझ्या हातचा, ठिगळ तुझ्या! शिपायानं विचारलं, तुझा का गं हा? मी म्हटलं—नाही म्हटलं. माझा नाही! भीती? छे, भीती कसली, बाकीच्या नेतच होत्या की. त्या टाक्यांकडे बघून म्हटलं मी. शिपायांनी पाय धरून ओढला त्याला, टाकला खड्ड्यात, शेकडोंच्या ढिगावर. चर्चच्या आवारात आमच्या पोरीच्या थडग्याशेजारी जागा होती—अजून रिकामीच आहे. कुठला खड्डा ते आता मलाही नाही सांगता यायचं.

रडू नकोस इथे. या घरात त्याच्यासाठी रडायचं ते मी. ऊठ, चल.

थांब. एवढंच सांग—तिकडे हसायचा का गं तो? माझ्यापाशी कधीचा हसला नव्हता… नको. नको सांगूस. जा तू. दार ओढून घे.