इंजिन तिच्या सीटखाली होतं

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला, सड्याच्या, म्हंजे उघड्या कातळाच्या माळाच्या, पल्याडच्या वाडीतला. बापूस शेती करायचा, शेती म्हंजे काय, पावसात भात नि नाचणी, उन्हाळ्यात काजूची चार झाडं, त्यात भागत नाय म्हणून सतराव्या वर्षी मुंबयला गेलो नि बावीस वर्षं टेंपो चालवला. कंबर गेली तेव्हा गावाला आलो, येताना ही व्हॅन घेऊन आलो, पेट्रोलवरची, दोन मालक झालेली. हिचं इंजिन पुढं नसतं ताई, पुढच्या सीटच्या खाली असतं, सीट उचलली की इंजिन. आमची मंडळी, म्हंजे बायको, म्हणायची, तुमची गाडी म्हंजे चुलीवर बसल्यासारकी.

गाडीतलं मला कळतं, खोटं कशाला बोलू. वाडीत कोणाची गाडी बंद पडली की मलाच हाक. मी सगळ्यांना एकच सांगायचो, गाडी मेली कशी ते आधी बघा. आचके देत देत बंद पडली तर पेट्रोल, म्हंजे टाकी रिकामी नायतर कचरा. पण एका झटक्यात गप झाली, स्टार्टर फिरतोय नि इंजिन घेत नाय, तर करंट गेला, डोळे मिटून वायरी बघा. हे मी शंभर वेळा शिकवलंय, शंभर वेळा, आणि माज्यावर आली तेव्हा काय केलं ते आता ऐका.

गेल्या वर्षी काजूच्या दिवसांत, सकाळचे अकरा वाजले असतील, मंडळी झाडाखाली बिया वेचत होती, पातेऱ्यात, वाळक्या पानांत, हात घातला नि फुरसं चावलं. उजव्या हाताला. रडली नाय ओरडली नाय, हात धरून चालत अंगणात आली नि म्हणाली, फुरसं होतं, मी बघितलंय. अँबुलन्स बोलवावी तर ती येईपर्यंत मीच दवाखान्यात पोचतो, असं म्हटलं. मागं बियांची पोती भरलेली, ती उतरवायला कोण थांबतंय, तिला पुढच्याच सीटवर बसवली नि निघालाव.

सडा सुरू होतो तिथं राखणदाराचा दगड हाय. आमच्याकडं येणारा-जाणारा तिथं थांबतो, एक डहाळी वाहतो, मग पुढं जातो. मी कधी चुकवलं नाय, पाहुणे खोळंबले तरी थांबलोय. त्या दिवशी थांबलो नाय. रस्ता म्हंजे नुसता खड्डा, एरवी मी गाडी लेकरासारकी न्यायचो, त्या दिवशी आपटत धोपटत घातली. तिचा हात मनगटापर्यंत सुजलेला. दगडापासून दोन-तीनशे पावलं पुढं गेलो असेन नि गाडी गप. आचका नाय, खोकला नाय, एकदम गप.

स्टार्टर मारला, फिरतोय, घेत नाय. परत मारला. फोनला रेंज नाय. वर ऊन, खाली काळा कातळ, माणूस नाय, घर नाय. काय सांगू तुमाला, माज्या डोक्यात वायर आलीच नाय, दगड आला. आपण थांबलो नाय म्हणून त्यानं गाडी धरली, दुसरं कायच सुचंना. दार उघडलं नि मागं पळत सुटलो. करवंदीची डहाळी ओरबाडली, हात सोलवटले, दगडासमोर पालथा पडलो नि गाऱ्हाणं घातलं, चुकलो रे महाराजा, माजी चूक तिच्या अंगावर नको घालूस. आणि परत पळत आलो. माजी कंबर तुमाला सांगितली, त्यात किती वेळ गेला देवाला ठाऊक.

आलो, स्टार्टर मारला. नाय. मग मी स्टेरिंगवर डोकं ठेवून रडलो, खरं सांगतो, पोराटोरासारका रडलो. तिच्या हिरड्यांतून रगत यायला लागलं होतं, पदरानं पुसत होती. तिनं मला विचारलं, गाडी एकदम गप झाली ना. मी म्हटलं होय. मग तुमी लोकांना काय सांगता, ती म्हणाली, मला खाली उतरवा नि सीट उचला.

तेव्हा मला कळलं मी कशाला भीत होतो. इंजिन तिच्याखाली होतं. फुरसं चावलेल्या माणसाला हलवू नये म्हणतात, आणि तिला उचलून त्या तापल्या कातळावर ठेवायची, हे माज्यानं होत नव्हतं. टॉवेल अंथरला, तिला ठेवली, सीट उचलली. कॉईलची जाड वायर सुटून बाजूला लोंबत होती. आपटत आणली ना, त्यानं सुटली. अंगठ्यानं दाबून बसवली, स्टार्टर मारला नि पहिल्या फटक्यात गाडी चालू. एवढंच होतं. एवढंच होतं, ताई.

संगमेश्वरला इंजेक्शनं दिली, मग पुढं रत्नागिरीला पाठवली, अकरा दिवस होती. वाचली. दोन बोटं काढावी लागली. मी डॉक्टरांना विचारलं, थोडं आधी आलो असतो तर वाचली असती का बोटं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाय, जीव वाचला ना. वाडी म्हणते राखणदार पावला. मी होय पण म्हणत नाय नि नाय पण म्हणत नाय.

त्या दिवसाचं ती कधी बोलली नाय, बोटांवरून तर एक शब्द नाय. पण यंदा बिया फोडायला बसलाव, डाव्या हातानं फोडते आता, तेव्हा मीच विषय काढला, म्हटलं त्या दिवशी मी दगडापाशी गेलो तो वेळ वाया घालवला. तिनं मान वर केली नि म्हणाली, दगडापाशी गेला होतात? मला वाटलं, मला टाकून गेलात.

मी तिला सांगून उतरलोच नव्हतो. दार उघडलं नि पळालो. तेवढा वेळ ती त्या गाडीत तसं समजून बसली होती, नि मी परत आलो तेव्हा मला वायरीचं सांगत होती, आणि त्यानंतर वर्षभर मला जेवायला वाढत होती.

आता मी लघवीला उतरलो तरी सांगून उतरतो. ती हसते, म्हणते जा की. तुमी एवढ्या लांबून आलाव, सुखरूप घरी जा, तुमची गाडी कुठं बंद नको पडू दे. पडलीच, तर शेजारच्या माणसाला सांगून उतरा.