दुसरी भाकरी

जन्म माझा भोईवाड्यातल्या चाळीतला, आईबाप रत्नागिरीकडून आलेले, बाप गिरणीत, आई लोकांची धुणीभांडी करायची, मला चौथीपर्यंत शाळा मिळाली ती पण पुष्कळ झाली. नवरा छातीच्या दुखण्यानं गेला, पदरात एक पोर, मग मी परळला कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात झाडलोटीला लागली. गावोगावच्या पोरी त्या, कुणाला ताप आला की कपाळावर पट्ट्या मीच ठेवायची, कुणी घरच्या आठवणीनं रडली की मीच जवळ घ्यायची, पण स्वयंपाकघराचा उंबरा मला बंद, तिथं महाराज रांधणार. आमी तेव्हा महार, बौद्ध नंतर झालो, एवढ्यावरून काय ते समजून घ्या ताई.

मग ते संयुक्त महाराष्ट्राचं पेटलं. लालबाग-परळला गोळीबार, संचारबंदी, रस्त्यावर चिटपाखरू नाय. महाराज भावाकडं गेलेला तो तिकडंच अडकला, बाकीची माणसं पण आली नायत. मी आत होती ती आतच राहिली. माझी पोर सासूकडं चाळीत, तिच्या काळजीनं जीव खालीवर, पण ह्या उपाशी पोरींना टाकून जाऊ कशी? तेव्हा रेक्टरबाई, म्हणजे वसतिगृहाची मुख्य, गिरगावची, शिकलेली, स्वतः येऊन बोलली, तू आत जा, काय जमेल ते कर. मी गेली. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, पोरी पोटभर जेवल्या. त्यांचं झाल्यावर बाई आली, दार लोटून माझ्यासमोर पाटावर बसली आणि जेवली. जेवली म्हणजे, ताट पुढं करून बोलली, अजून एक दे गं, गरम गरम. हात धुताना बोलली, हे निवळू दे, तुला स्वयंपाकघरातच घेते. मला काय वाटलं असेल, काय सांगू तुम्हाला.

निवळलं. महाराज आला, त्याला कळलं, तो तडक बोलला, हिनं शिवलेल्या भांड्यात मी शिजवणार नाय. मी बाईकडं बघितलं. बाई बोलली, मुलींचा नाइलाज होता महाराज, मी मात्र पाव-केळ्यांवर राहिले, तिच्या हातचं तोंडाला लावलं नाही. माझ्यासमोर, ताई. वर ती भांडी मलाच अंगणात राखेनं घासायला लावली, मग महाराजानं ती निखाऱ्यावर धरली, गोमूत्र शिंपडलं. मी रडली नाय. घासता घासता ठरवलं, हिला मी सोडणार नाय.

नणंद बोलली, गिरणीत ये, वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात, जागा आहे, पगार बरा. मी नाय गेली. लोक बोलायचे, काय गं तुझी निष्ठा त्या वसतिगृहावर. कसली निष्ठा. पोरींचं केलं ते मनापासून केलं, ते खोटं नाय, पण पाय रोवून राहिली ती बाईसाठी. रोज दुपारी तिच्या दारात उभी राहून विचारायची, बाई, जेवलात का? तिचा चेहरा उतरायचा, तेवढ्यावर माझा दिवस जायचा. सांगायचं तर कधीपण सांगितलं असतं, पण कुजबुज होऊन विरून गेलं असतं. मी राखून ठेवलं.

आपलं राज्य झालं, त्याच उन्हाळ्यात बाई निवृत्त झाली. निरोपाचा समारंभ, पुढं खुर्च्यांवर कमिटीची माणसं, मागं पोरी, दाराशी महाराज. भाषणात बाई बोलली, संकटात ही एकटी राहिली, हिच्यासारखी संस्थेवर माया कुणाची नाही. अध्यक्ष मला बोलले, तुम्ही पण दोन शब्द बोला. मी उठली. बोलली, बाई सांगतात ते खरं, तेव्हा भाकऱ्या मीच केल्या, पोरींना वाढल्या, बाईंनाही वाढल्या, दुसरी तर त्यांनी मागून घेतली, गरम गरम. बाई, आज तरी सांगा, मागितलीत की नाय?

खोटारडी बोलून मला गप करता आलं असतं तिला. ती मात्र पदर ओठाला लावून खाली बघत बसली. महाराज उठून चालता झाला, चार वर्षं जिच्यासाठी सोवळं सांभाळलं तिला शेवटचं ताट पण वाढलं नाय.

स्वयंपाकघरात मला अजून घेतलेलं नाय, हातात झाडूच आहे, असू दे. बाई आता गिरगावात लेकाकडं असते बोलतात. तिला उदंड आयुष्य मिळो, दात शेवटपर्यंत शाबूत राहोत, आणि पानात भाकरी पडेल तेव्हा दुसरी मागताना तिची जीभ अडखळो.